निरीक्षकसाहेबांची चार नखं

पहिलं पिक गिटारच्या पोटात गेलं ते मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला. त्यानंतर जे जे घडत गेलं, त्याला स्वतः निरीक्षकसाहेब सोडून बाकी सगळे जबाबदार आहेत, असं निरीक्षकसाहेबांचं आजही प्रामाणिक मत आहे.

पिक म्हणजे तारा छेडायची प्लास्टिकची छोटी तिकोनी चकती. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. घट्ट धरली तर तारेत अडकते, सैल धरली तर निसटते. आता साहेबांनी सत्तावीस वर्षं आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक म्हणून काढलेली. सैल धरणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता. त्यांनी ते पिक गुन्हेगाराचं मनगट धरावं तसं धरलं, आणि गुन्हेगार जे करतो तेच पिकाने केलं. तारेवरून उडालं, गिटारच्या मधल्या गोल भोकातून आत गेलं आणि आतल्या आत खुळखुळलं.

"काका, हे सगळ्यांचं होतं," शिकवणारी मुलगी म्हणाली.

ही मुलगी वरच्या मजल्यावर राहायची. वय बावीस. दातांची डॉक्टर व्हायच्या शेवटच्या वर्षाला होती आणि उरलेल्या वेळात गिटार शिकवायची. जिन्यात भेटली की साहेब तिला 'अगं ए' म्हणत, पण शिकवणीच्या तासात मात्र 'मॅडम'. शिस्त म्हणजे शिस्त.

आठवड्याभरात सात पिकं पोटात गेली. ती बाहेर कशी काढायची यावर इमारतीत मतं पडली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज संध्याकाळी चौकशीला येऊ लागले. आयुष्यभर पेटीत पडलेली पत्रं बाहेर काढलेला माणूस, त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी आधी लोहचुंबक सुचवलं. पिक प्लास्टिकचं आहे हे समजल्यावर मोठं लोहचुंबक सुचवलं. साहेबांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पालथी धरून पाठीवर थोपटा. लहान मुलाने बटण गिळलं की तेच करतात." शेवटी साहेबांनी पलंगावर उभं राहून गिटार डोक्यावर पालथी धरली आणि गदागदा हलवली. एकेक करत सहा पिकं टपाटपा पलंगावर पडली. सातवं आत कुठेतरी रुसून बसलं ते बसलंच. गिटार हलवली की खुळ् असा एक बारीक आवाज यायचा, तेवढाच काय तो त्याचा ठावठिकाणा.

"राहू दे काका, तुम्ही बोटांनीच शिका," मुलगी म्हणाली आणि तिने बोटांनी वाजवून दाखवलं.

साहेब बघतच राहिले. अंगठ्याकडे वरच्या तीन जाड तारा. तर्जनीकडे एक, मधल्या बोटाकडे एक, अनामिकेकडे एक. ज्याचं काम त्याने करायचं, दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ करायची नाही, आणि कुणाचंही काम उद्यावर जायचं नाही. इतका चोख कारभार साहेबांनी सत्तावीस वर्षांत कुठल्याही खात्यात पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला. त्या रात्री जेवताना ते टेबलावर बोटं आपटत होते, अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, आणि आमटीची वाटी कलंडली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"मॅडम, मला हेच शिकायचंय!" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"शिकवते की. फक्त उजव्या हाताची चार नखं थोडी वाढवावी लागतील. नखाने तार खणखणीत बोलते."

यावर साहेबांचं तोंड जे उघडं राहिलं, ते बघून भावी दंतवैद्य सवयीने त्यांच्या दाढा मोजायला लागली.

आता यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर निरीक्षकसाहेबांचं काम म्हणजे उपाहारगृहं, बेकऱ्या, शाळांची स्वयंपाकघरं तपासणं, आणि त्यात त्यांचा खास प्रांत म्हणजे अन्न हाताळणाऱ्यांची नखं. दारात पाऊल टाकलं की ते एकच हुकूम सोडत, "हात पुढे!" मग खिशातून सहा इंची पोलादी पट्टी निघे आणि एकेक बोट मोजलं जाई. दोरीला बांधलेलं एक नेलकटर कायम त्यांच्या पिशवीला लोंबत असे. 'नख बोटाच्या टोकापलीकडे एक मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे' हे परिपत्रक साहेबांनीच लिहिलं होतं. दोन रविवार बसून लिहिलं होतं. गावभर त्यांना 'नखसाहेब' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते तसं दाखवत नसत.

पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती. ते कुठेही गेले की लोक हात लपवायचे. खिशात, पदरात, टेबलाखाली, पाठीमागे. बँकेतला रोखपालसुद्धा त्यांना बघून मुठी वळायचा. खात्याच्या वार्षिक स्नेहसंमेलनात साहेब ज्या टेबलाशी बसत, त्या टेबलावरचे सगळे हात एका क्षणात मांडीवर जात आणि पुढचा अर्धा तास लोक जेवायचे कसे, या विवंचनेत गप्पा मारत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी त्यांची बायको चहाचा कप पुढे करताना बोटं मुडपून घ्यायची. तीही सवयीनेच, पण साहेबांना ते दिसायचं आणि लागायचं.

म्हणून तर त्यांनी यंदा संमेलनात वादनासाठी नाव दिलं होतं. आयुष्यात एकदा तरी आपल्याला बघून लोकांनी हात बाहेर काढावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. टाळ्यांसाठी काढले तर सोन्याहून पिवळं. संमेलनाला अकरा आठवडे होते.

"वाढवतो," साहेब म्हणाले. "चारच ना? वाढवतो!"

आणि मग त्या घरात नखांचं संगोपन सुरू झालं. साहेब रोज सकाळी पट्टीने नखं मोजून वहीत नोंद करू लागले. 'अंगठा: दीड मि.मी. प्रगती समाधानकारक. अनामिका: सव्वा मि.मी. समज देण्यात आली.' नखाची वाढ महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर, पण साहेबांचा उत्साह दिवसाला वीतभर वाढत होता. पोस्टमास्तरांनी नखांना लिंबू चोळायला सांगितलं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी लिंबाने ठिसूळ होतात म्हणून खोबरेल सांगितलं. साहेबांनी कुणाचं मन मोडू नये म्हणून सकाळी लिंबू आणि संध्याकाळी खोबरेल लावलं. पाण्याने नखं मऊ पडतात हे कळल्यावर त्यांनी भांडी घासायचं सोडलं.

"म्हणजे चार नखांसाठी भांडी मी घासायची?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"कलेसाठी थोडा त्याग करावा लागतो."

"कला तुमची आणि त्याग माझा होय? डावा हात रिकामाच आहे की तुमचा!"

तेव्हापासून साहेब डाव्या हाताने भांडी घासू लागले. दोन बश्या फुटल्या, पण उजवा हात सुरक्षित राहिला.

सहाव्या आठवड्यात डब्याचं झाकण उघडताना मधल्या बोटाचं नख तडकलं. साहेब मटकन खाली बसले. बायको धावत आली, तिला वाटलं रक्तदाब. मुलीला वरून बोलावलं. तिने नख उजेडात धरून पाहिलं, "हं, वरच्यावर आहे," म्हणाली, आणि कॉलेजातून दाढा बुजवायचा मसाला आणून नखाची भेग बुजवली. वर निळा दिवा दाखवून पक्कंही केलं. एका तासाने साहेबांनी ते नख तारेवर मारलं. तार अशी खणखणली, की खालून पोस्टमास्तरांनी काठीने छताला दाद दिली. निदान साहेब तरी ती दाद समजले.

संमेलनात वाजवायची धून दीड मिनिटाची होती. आठव्या आठवड्यात ती पहिल्यांदा अडखळता का होईना, शेवटपर्यंत गेली. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. "ऐकलंस ना? पूर्ण गेली! एकदाही थांबलो नाही!"

"तीनदा थांबलात," सौभाग्यवती म्हणाल्या. "पण परवा सात वेळा थांबला होतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "चांगलं वाटतं हो ऐकायला." साहेबांनी तेवढंही वहीत नोंदवलं.

खरी पंचाईत कार्यालयात होती. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं लोकांना खिशातून हात काढायला लावले, तो आता उजवा हात खिशातून काढेना. नियमाने वागणाऱ्या माणसाला चोरी जमत नाही, म्हणून साहेबांनी सरळ नखांच्या सवलतीसाठी अर्ज केला. पण परिपत्रकात सवलतीची सोय करताना त्यांनीच लिहून ठेवलं होतं, की असा अर्ज निरीक्षकाच्या शिफारशीसह यावा. मग साहेबांनी स्वतःचा अर्ज स्वतःच्या टेबलावर स्वीकारला, त्यावर दोन दिवस विचार केला आणि 'अर्जदार वर्तनाने चांगला आहे' असा शेरा मारून पुढे पाठवला. पाचव्या दिवशी तो परत आला. 'अर्जदार व निरीक्षक एकच असल्याने अर्जदाराची समक्ष तपासणी त्रयस्थ निरीक्षकाकडून व्हावी.' खात्यात निरीक्षक एकच होते.

मग त्यांनी रबरी हातमोजा घातला. तो नखांनी फाटला. मग त्यांनी उजव्या हाताला बँडेज बांधलं आणि दारात बोटं सापडली म्हणून सांगितलं. खोटं एकच होतं, पण त्याची विचारपूस करायला चाळीस माणसं आली. कुणी हळद सांगितली, कुणी बर्फ, कुणी हाडवैद्य. लेखापालांनी तर स्वतःची फ्रॅक्चरची कहाणी बसल्या जागी पाऊण तास सांगितली. एवढी माया लोकांनी दाखवलेली बघून साहेबांना भरून आलं आणि अपराध्यासारखंही वाटलं.

संमेलन दोन दिवसांवर आलं आणि खात्याच्या उपाहारगृहाची तपासणी निघाली. जेवण तिथेच रांधलं जाणार होतं, तेव्हा टाळणं शक्य नव्हतं.

तिथला मुख्य आचारी म्हणजे दारापेक्षा रुंद माणूस. त्याने डाव्या करंगळीचं नख नऊ वर्षं वाढवलं होतं, हौस म्हणून. तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी ते कापायला लावलं होतं. "साहेब, माझी मुलगी त्याहून लहान आहे हो," असं तो काकुळतीने म्हणाला होता. साहेबांनी पट्टी पुढे धरली होती, बस्स.

"हात पुढे!" साहेब म्हणाले. आवाज नेहमीइतका चढला नाही.

आचाऱ्याने दोन्ही पंजे पुढे केले. नखं अगदी बिनतक्रार होती. त्याच्या मागे सहा जणांनी हात धरले. साहेबांनी डाव्या हाताने पट्टी लावून सगळं तपासलं, समाधानाने मान हलवली आणि वळले. तेवढ्यात बँडेजचं टोक भाजीच्या क्रेटच्या खिळ्यात अडकलं. साहेब पुढे गेले, बँडेज मागे राहिलं. चार पावलांत सगळे वेढे उलगडले.

पुढे धरलेले सगळे हात तिथेच राहिले. शेगडीवरचं पाणी तेवढं उकळत होतं. सगळ्यांपुढे साहेबांची चार नखं लख्ख चमकत होती, त्यातलं मधलं तर दाताच्या मसाल्यामुळे जरा जास्तच.

"साहेब," आचारी हळूच म्हणाला, "हात पुढे."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. साहेबांना पळवाट होती, 'हा नियम आचाऱ्यांना आहे, निरीक्षकाला नाही' असं म्हणता आलं असतं. पण 'स्वयंपाकघरात प्रवेश करणारी कोणतीही व्यक्ती' हे शब्द त्यांनीच दुसऱ्या रविवारी दुपारी, मोठ्या अभिमानाने घातले होते. त्यांनी हात पुढे केला. आचाऱ्याने त्यांच्याच खिशातली पट्टी काढून मोजलं.

"सात मिलिमीटर! साहेब, हे काय हो?"

"गिटारसाठी," साहेब म्हणाले. "अकरा आठवडे झाले. परवा संमेलनात वाजवायचंय."

आचाऱ्याने एकदा नखांकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या तोंडाकडे. नऊ वर्षांचं नख गमावलेला माणूस तो, त्याला सांगायची गरज नव्हती. "राहू द्या साहेब," तो म्हणाला. "आम्ही कुणी काही बघितलं नाही."

मागच्या सहाही जणांनी माना हलवल्या. साहेबांना त्या क्षणी 'बरं' म्हणायचा फार मोह झाला. अकरा आठवडे, लिंबू, खोबरेल, दोन बश्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी पिशवीची दोरी ओढली आणि नेलकटर आचाऱ्याच्या हातात दिलं.

"तुझं कापलं तेव्हा मी सोडलं नव्हतं. कर कट."

कट. कट. कट. चौथ्या वेळी दोघांनीही डोळे मिटले होते, त्यामुळे अनामिका थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर साहेब जेवले नाहीत. सौभाग्यवतींनी साहेबांचा उजवा हात हातात घेऊन बघितला आणि सरळ जिना चढून मुलीला बोलावून आणलं. "नख नसेल तर बोटाच्या मांसाने वाजवा काका," मुलगी म्हणाली. "आवाज बारीक येईल, मऊ येईल. पण येईल!" साहेबांनी वाजवून पाहिलं. खरंच आला. बारीक, उबदार, कानाजवळ कुणी बोलावं तसा. अर्ध्या तासात ते पुन्हा खुर्चीच्या टोकावर येऊन बसले आणि पोस्टमास्तरांची काठी पुन्हा वाजू लागली.

संमेलनाच्या दिवशी सभागृहात दीडशे माणसं होती. साहेब गिटार घेऊन मंचावर आले आणि दीडशे जणांचे तीनशे हात सवयीने टेबलाखाली गेले. साहेबांना ते वरून स्वच्छ दिसलं. त्यांनी खाली मान घातली आणि अंगठा तारेवर ठेवला.

आवाज इतका बारीक होता, की पहिल्या रांगेपलीकडे पोहोचेना. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, आचाऱ्याचा आवाज आला, "ए, गप्प बसा रे! साहेब नखांशिवाय वाजवतायत!" याचा अर्थ कुणालाच कळला नाही, पण त्या देहाचा आवाज असा होता की सभागृह चिडीचूप झालं. लोक पुढे झुकले. ऐकू यावं म्हणून कोपरं टेबलावर आली. कुणी कानामागे पंजा धरला. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. जो तो आपापल्या तारेवर, कुणी कुणाच्या हद्दीत नाही. दीड मिनिटाच्या धुनेत साहेब एकदाच चुकले, आणि तेही त्यांच्याशिवाय फक्त सौभाग्यवतींना आणि मॅडमना कळलं.

धून संपली. कुणाला कळेना संपली की थांबली. साहेब तसेच बसून राहिले. तेवढ्यात दारातून गर्जना झाली,

"हात पुढे!"

आणि तीनशे हात एका दमात वर आले. टाळ्या! शाईचे हात, पिठाचे हात, अंगठ्यांचे हात, सगळे उघडे. पहिल्या रांगेत सौभाग्यवती दहाही बोटं पसरून वाजवत होत्या. साहेबांचे डोळे इतके भरून आले की एकही नख दिसेना, आणि आज त्यांना बघायचंही नव्हतं. ते उठले, गिटार गळ्यात तशीच ठेवून कमरेत वाकले, चांगले खोल वाकले, आणि खुळ् असा आवाज झाला. गिटारच्या पोटातून काहीतरी निसटलं, मंचावर टप्पा खाऊन थेट टाळ्या वाजवत पुढे आलेल्या आचाऱ्याच्या पायाशी गेलं. पांढरं, तिकोनी, गुळगुळीत.

आचाऱ्याने ते उचललं आणि त्याचा चेहराच पडला. मंचाकडे धावत येत तो सगळ्यांदेखत ओरडला, "साहेब! साहेब, तुमचं नख पडलं!"

साहेबांनी डोळे पुसले. अकरा आठवडे रुसून बसलेलं ते सातवं पिक त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग खिशातून पोलादी पट्टी काढली, शांतपणे मोजलं आणि सत्तावीस वर्षांच्या खणखणीत आवाजात जाहीर केलं,

"तीस मिलिमीटर! नियमबाह्य!"